कार्निव्हल आणि फोंताइन्यासची गल्ली

आम्हां रत्नागिरीकरांस शिमगा कोणीं समजावून सांगावा लागत नाहीं. फाल्गुन शुद्ध पंचमीपासून गांवोगांव ढोल वाजूं लागतो, देवास रूपें लागतात, पालखी सहाणेवर येते. आणि ज्या देवाच्या दर्शनास आपण एरव्हीं पायऱ्या चढून जातों तोच देव होळीनंतर आपल्या अंगणांत येऊन उभा राहतो. ह्या दिवसांत शिवी क्षम्य असते, सोंगास मान असतो, संकासुर वाटेल त्याच्या अंगावर धावून जातो, आणि ज्यांच्यापुढें वर्षभर खालीं पाहावयाचें त्यांच्या नांवानेंही फाका देतां येतात. अशा मुलखांत वाढलेल्या माणसास दक्षिणेकडील शेजाऱ्यांचा कार्निव्हल परका वाटूं नये. परंतु तो वाटतो. आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत त्याविषयीं दोन मतें ऐकूं येतात. फिरंग्यांनीं मागें ठेवलेला तो एक मद्यपी धिंगाणा आहे, असें वडील मंडळी म्हणतात. आणि मौज करावयाची तर ती तेथेंच, असें तरुण मंडळी म्हणतात. दोन्ही मतांमागें प्रत्यक्ष पाहणें थोडें आणि ऐकीव माहिती फार, असा आमचा अनुभव आहे.

आमच्या कांहीं स्नेह्यांच्या मंडळींत कार्निव्हलच्या दिवसांत पणजीस जाऊन तेथील फोंताइन्यास ही जुनी वस्ती पाहण्याचा बेत चालला आहे. तो आंखतांना जें वाचनांत आलें व जें मनांत आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. प्रवासाची तयारी म्हणजे केवळ तिकिटें व मुक्कामाची सोय नव्हे. आपण कोणाच्या दारीं जाणार आहों, हें आधीं ठाऊक असावें, एवढेंच ह्या लेखाचें प्रयोजन आहे.

प्रथम तिथीचा प्रश्न. कार्निव्हल इंग्रजी महिन्याच्या ठराविक तारखेस येत नाहीं. ईस्टरच्या आधीं ख्रिस्ती लोकांचा जो दीर्घ उपवासकाल असतो त्याचा आरंभ राखेच्या बुधवारीं होतो, आणि त्या बुधवारापूर्वींचे शनिवार ते मंगळवार हे चार दिवस कार्निव्हलचे. ईस्टरचा रविवार वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून ठरतो. म्हणून कार्निव्हलही चंद्राच्याच हिशेबानें चालतो, आणि त्याचा मंगळवार 3 फेब्रुवारी ते 9 मार्च ह्या मर्यादेंत केव्हांही येतो. हा हिशेब मांडून पाहतां एक गंमत ध्यानांत येते. कार्निव्हलचा शेवट नेहमीं अमावास्येच्या आसपास पडतो आणि शिमग्याची होळी पौर्णिमेस पेटते. 2025 सालीं कार्निव्हलचा मंगळवार 4 मार्चला होता व होळी 13 मार्चला. अंतर अवघें नऊ दिवसांचें. 2024 सालीं मात्र मंगळवार 13 फेब्रुवारीस आणि होळी 24 मार्चला, म्हणजे मध्यें चाळीस दिवस गेले. एक सण काळोख्या रात्रींचा व दुसरा चांदण्याचा; परंतु थंडी सरून ऊन तापूं लागण्याचा जो संधिकाल, तोच दोघांचा काल. शिमगा हा शब्द ‘सुग्रीष्मक’ ह्या संस्कृत शब्दावरून आला असें भाषापंडित मानतात. कार्निव्हल ह्या शब्दाच्या मुळाशीं मांसाहार दूर सारणें हा अर्थ आहे, आणि गोव्याच्या जुन्या कोंकणी बोलींत ह्या सणास ‘इंत्रूज’ म्हणतात, तो शब्द पोर्तुगीज ‘एन्त्रूदो’वरून, म्हणजे उपवासकालांत प्रवेश ह्या अर्थानें आलेला. एक शब्द ऋतु सांगतो, दुसरा व्रत सांगतो. लोक दोन्ही वेळीं रस्त्यावर येतात.

आतां ज्या गल्लीसाठीं जावयाचें तिचा इतिहास पाहूं. रत्नागिरीहून पूर्वीं आगबोटीनें पणजीस जात. 1998 पासून कोंकण रेल्वेच्या सबंध मार्गानें जातां येतें. आमचें सांगणें असें, कीं मडगांवपर्यंत न जातां अलीकडे करमळीस उतरावें. कारण करमळीहून पणजीपर्यंतचा रस्ता हा गोव्याच्या राजधानीनें ज्या क्रमानें आपलें ठिकाण बदललें त्याच क्रमानें जातो. करमळी स्टेशन जुन्या गोव्याच्या सीमेवरच आहे. 1510 सालीं आल्बुकर्कनें आदिलशाहीकडून घेतलेलें हें शहर 16व्या शतकांत पूर्वेकडील वैभवाचें ठिकाण होतें. परंतु साथीच्या रोगांनीं तें पोखरलें. 1695 च्या सुमारास व्हाइसरॉय पाणेलीस राहावयास गेले. 1759 सालीं त्यांनीं पणजींतील आदिलशहाच्या जुन्या वाड्यांत बिऱ्हाड केलें. आणि 1843 सालीं राजाज्ञेनें पणजी ही रीतसर राजधानी झाली. जुनें गोवें, पाणेली, मग रायबंदर, मग खाजणावरून जाणारा 17व्या शतकांतील लांबच लांब बांध, आणि अखेर पणजी: सव्वाशें-दीडशें वर्षांची ही पीछेहाट आपण मोटारींतून अर्ध्या तासांत पाहतों.

पणजी हें मूळचें खाजणांचें व माडांचें गांव. पश्चिमेस आल्तिन्योची टेकडी, पूर्वेस औरेमची खाडी, आणि दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या दलदलीच्या पट्टींत फोंताइन्यास. शब्दाचा अर्थ लहान झरे. टेकडीच्या पायथ्याशीं फेनिक्स नांवाचा झरा आहे, त्यावरून हें नांव पडलें. लगतच्या भागास आजही लोक ‘मळा’ म्हणतात. म्हणजे ह्या वस्तीच्या फिरंगी नांवाच्या शेजारीं आपलें साधें शेतकरी नांव अद्याप नांदत आहे. 18व्या शतकाच्या अखेरीस आन्तोनियो जुवांव द सेकैरा नांवाच्या गोमंतकीयानें ही जमीन भरून काढून येथें माडांची लागवड केली. त्यानें मोझांबिकांत पैसा मिळविला होता, म्हणून लोक त्यास ‘मोस्मीकार’ म्हणत. राजधानी जसजशी पणजीकडे सरकली तसतसे कारकून, अंमलदार व व्यापारी येऊं लागले, आणि माडांच्या जागीं घरें उभीं राहिलीं. तेव्हां ज्यास आपण पोर्तुगीज गल्ली म्हणतों ती एका गोमंतकीयानें आफ्रिकेंत मिळविलेल्या पैशांनीं भरून काढलेल्या कोंकणच्या दलदलीवर वसली आहे, हें पाहणारानें विसरूं नये.

उत्तरेकडील सां तोमे भागांतून चालावयास सुरुवात करावी. येथें जुनी टांकसाळ आहे, पोस्ट-ऑफिस आहे, आणि 1787 च्या पिंटोंच्या कटांतील माणसांना ह्याच परिसरांत देहांत शासन झालें असें सांगतात. तो कट गोमंतकीय पाद्री व लष्करी माणसांचा होता, आणि त्यांची तक्रार होती कीं, आपण ख्रिस्ती होऊनही वरच्या जागा गोऱ्यांनाच मिळतात. तेथून 31 जानेवारीच्या नांवाच्या रस्त्यानें दक्षिणेस निघालें म्हणजे एकमेकांस खेटून असलेलीं कौलारू घरें लागतात. कोणी पिवळें, कोणी निळें, कोणी तांबूस. खिडक्यांच्या चौकटींस पांढरी किनार, आणि रस्त्याकडे उघडणारे लाकडी सज्जे. घरांस रंग देण्याची रीत पोर्तुगीज काळापासूनची. पांढरा रंग देवळांचा म्हणून घरांस दुसरे रंग, असा संकेत होता. पावसाळा संपला म्हणजे भिंती पुन्हां रंगवाव्या लागत, कारण कोंकणच्या पावसांत चुन्याचा रंग एका वर्षापलीकडे टिकत नाहीं. हें आम्हांस सांगावयास नकोच.

पुढें संत सेबास्तियनचें छोटें चॅपेल आहे. त्यांतील क्रूसासाठींच एक वेळ राखून ठेवावी. क्रूसावरील ख्रिस्ताची मान खालीं झुकलेली व डोळे मिटलेले असतात; येथील ख्रिस्ताची मान ताठ असून डोळे उघडे आहेत. हा क्रूस मूळचा जुन्या गोव्यांतील इन्क्विझिशनच्या वाड्यांतला. 1560 सालीं स्थापन झालेली ती धर्मपीठाची कचेरी 1812 सालीं कायमची बंद झाली. क्रूस पणजीच्या वाड्यांत आला, आणि 1918 सालीं ह्या चॅपेलांत. ज्यांची चौकशी होई त्यांच्याकडे तो अडीचशें वर्षें उघड्या डोळ्यांनीं पाहत होता. आज त्याच्या समोर गल्लींतील वृद्ध स्त्रिया मेणबत्त्या लावितात. इतिहासांतील वस्तूंचे अर्थ असे बदलतात, आणि ते कोणीं हुकूम काढून बदलत नाहींत.

येथें कार्निव्हलकडे वळणें प्राप्त आहे. कारण ज्या राज्यानें तो सण आणला त्याच राज्यानें इतर कितीतरी सण बंद केले होते. 1736 सालच्या इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्यानें नवख्रिस्त्यांस लग्नांतील गाणीं, तुळशीचें रोप, धोतर व चोळी अशा गोष्टींची मनाई केली. स्वतःचें गाणें गावयाचें नाहीं. परंतु वर्षांतून चार दिवस राज्याच्या संमतीनें वाटेल तशी सोंगें आणावयाचीं. अशा ठिकाणीं लोक काय करितात? जें दारानें आंत येऊं देत नाहींत तें ते खिडकीनें आंत घेतात. सासष्टींतील चांदर हें गांव म्हणजे कदंबांच्या राजधानीचें चंद्रपूर. तेथें कार्निव्हलच्या सोमवारीं ख्रिस्ती गांवकरी मुसळें घेऊन नाचतात, आणि ह्या ‘मुसळ खेळा’चा संबंध पोर्तुगीजपूर्व काळांतील एका विजयाशीं जोडला जातो. सासष्टींतल्याच गांवोगांवच्या चव्हाट्यांवर ह्या दिवसांत ‘खेळ’ होतात, त्यांत सावकार, पुढारी व पाद्री कोणाचीही भीड ठेवीत नाहींत. आमच्या नमन-खेळ्यांतील सोंगें ज्यानें पाहिलीं आहेत त्यास हे खेळ समजण्यास दुभाष्या लागावयाचा नाहीं. कार्निव्हल हा फिरंग्यांचा सण, ह्या म्हणण्यांत अर्धेंच सत्य आहे तें असें.

दुसऱ्या अर्ध्याचाही विचार केला पाहिजे. जुन्या गोमंतकीय आठवणींत असें सांगतात कीं, ह्या दिवसांत गोरे धनी गुलामांचीं सोंगें घेत, आणि गुलाम तोंडास पीठ फांसून धन्यांचीं सोंगें घेत. प्राचीन रोमन लोकांच्या शनीच्या उत्सवांतही धनी गुलामांस जेवावयास वाढीत असत. हें ऐकावयास गोड वाटतें. परंतु पोर्तुगीज मुलखांतील गुलामगिरी कायद्यानें बंद झाली ती 1869 सालीं, आणि ती कोणत्याही कार्निव्हलनें बंद झाली नाहीं. बुधवारीं कपाळास राख लागे, पीठ धुतलें जाई, आणि जो तो आपल्या जागीं परत येई. आमच्या शिमग्याचीही तीच गोष्ट नाहीं काय? चार दिवस फाका सर्वांस मोकळ्या असतात. परंतु पालखीस प्रथम खांदा कोणीं द्यावयाचा, होळीस पहिला हात कोणाचा लागावयाचा, ह्याची उतरंड त्याच दिवसांत सर्वांत कडक असते, आणि त्या मानापानावरून गांवांत वैरें झालेलीं आपण पाहतों. उलटापालट करण्याची मुभा जो देतो तो ती परत घेण्याचा हक्क राखून ठेवितो, एवढी सावधगिरी बाळगून ह्या सणांचें कौतुक करावें.

असें असूनही त्या जुन्या इंत्रूजांत एक मोठी गोष्ट होती, आणि आमच्या प्रवासाचा सारा विचार तिच्यावर अवलंबून आहे. तो दारादारांचा सण होता. ओळखीच्या घरांतील तरुण मंडळी दुसऱ्या ओळखीच्या घरावर ‘हल्ला’ करीत. म्हणजे वाजतगाजत अवचित घरांत शिरून नाचगाणें व खाणेंपिणें करीत. गल्लीगल्लींत पिठाच्या व भुशाच्या कागदी पुड्यांचीं युद्धें होत, सज्जांतून पाणी पडे. परंतु जो पुडी मारी तो कोणाचा कोण हें सर्वांस ठाऊक असे. मुखवट्याआडचा माणूस चालीवरून ओळखूं येई. थट्टा सोसली जाई ती ह्या ओळखीच्या जोरावर. उद्यां त्याच माणसाची प्रार्थनेच्या बांकावर गांठ पडावयाची असे, आणि म्हणून थट्टेस आपोआप एक मर्यादा राही.

गोवा 1961 च्या डिसेंबरांत मुक्त झाल्यानंतर, 1965 सालीं, सजविलेल्या रथांची मिरवणूक व तिच्या अग्रभागीं ‘मोमो’ राजा, असें कार्निव्हलचें नवें स्वरूप पणजींत सुरू झालें. पुढें सरकारच्या पर्यटन खात्याचें पाठबळ मिळालें आणि सण गल्लींतून हमरस्त्यावर आला. हें गोव्यांतच घडलें असें नाहीं. ब्राझिलांत रिओ शहरींही पोर्तुगीजांनीं नेलेला पाणी फेंकण्याचा एन्त्रूदो 19व्या शतकांत बंदीनें मागें सारला गेला व मिरवणुकी पुढें आल्या. मिरवणूक डोळ्यांस सुंदर दिसते. तींत सर्व जातिधर्मांचे लोक, गांवोगांवचे कलावंत, भाग घेतात, आणि सर्वांस ती दुरून पाहतां येते, हा तिचा मोठा गुण. परंतु तींत एक करणारा आणि हजार पाहणारे अशी वांटणी झाली. जुन्या इंत्रूजांत नुसता पाहणारा असा कोणी नसे. जो सज्जांत उभा असे त्याच्याही अंगावर पीठ पडे.

ह्या बदलाचा भार फोंताइन्यासवर पडला आहे. मिरवणूक हमरस्त्यावर गेली, परंतु तिच्यासाठीं आलेली गर्दी रंगीत भिंतींच्या शोधांत गल्लींत शिरते. लोक परक्याच्या पायरीवर बसतात, कोणाच्या उघड्या खिडकीपाशीं उभे राहून छायाचित्रें काढितात, आणि आंत एखादी वृद्धा जेवावयास बसली आहे हें त्यांच्या गांवीं नसतें. अलीकडच्या वर्षांत कित्येक रहिवाशांनीं छायाचित्रें काढूं नयेत अशा पाट्या दारांवर लाविल्या आहेत. कार्निव्हलांतील मोकळीक त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या सोसली व उपभोगिली. आतां तीच त्यांस नकोशी कां झाली? आमच्या मतें कारण हेंच, कीं मोकळीक राहिली आणि ओळख गेली. अनोळखी माणसानें घेतलेली मोकळीक म्हणजे निव्वळ आगाऊपणा होय.

म्हणून आमचा बेत आम्हीं पुढीलप्रमाणें आंखला आहे. शुक्रवारीं करमळीस उतरून जुन्या गोव्यावरून पणजीस पोंचावयाचें. शनिवारीं सकाळीं, मिरवणुकीची धांदल सुरू होण्यापूर्वीं, चारपांचांहून अधिक माणसें बरोबर न घेतां सां तोमेपासून मळ्यापर्यंत पायीं हिंडावयाचें. पाववाला दारोदार जात असतो, ती वेळ उत्तम. शेवटीं टेकडीच्या उतारावरील मारुतीच्या देवळांत जावयाचें. तेथून सबंध वस्तीचीं कौलें एका नजरेंत येतात, आणि छायाचित्राची हौस कोणाच्या दारांत न शिरतां भागते. दुपारीं मोमो राजाची मिरवणूक. तिचा मार्ग दर वर्षीं जाहीर होतो, तो आधीं पाहून ठेवावा. रविवारीं मडगांवची मिरवणूक ज्यांस पाहावयाची असेल त्यांनीं पाहावी. सोमवारीं मात्र सर्वांनीं चांदरास मुसळ खेळासाठीं जावें. मंगळवारीं रात्रीं पणजींत क्लब नासियोनालचें तांबड्या-काळ्या पोशाखाचें नृत्य असतें, आणि त्याबरोबर सण संपतो. बुधवारीं सकाळीं शक्य तर पुन्हां एकदां चॅपेलावरून जावें. कपाळावर राखेचा क्रूस घेऊन लोक कामास निघालेले दिसतील. आदल्या रात्रीं नाचलेले तेच हे लोक. कार्निव्हल कशाच्या आदला दिवस आहे, हें त्या सकाळीं समजतें.

ह्या बेतांत पाळावयाचे नियम दोनच. आमंत्रणावांचून कोणाची पायरी चढावयाची नाहीं. आणि कोणी आपण होऊन बोललें तर दोन कोंकणी शब्दांत आपलें गांव सांगावयाचें. आपली बोली व त्यांची बोली ह्यांत किती थोडें अंतर आहे हें दोघांसही तेव्हां कळेल. 1508 सालीं आल्मैदानें आमच्या जिल्ह्यांतील दाभोळ जाळलें, तेव्हांपासून ह्या किनाऱ्यानें जो इतिहास भोगला त्याचे आपण दोघेही वारस आहों. त्यांच्या वाट्यास त्याचा मोठा भाग आला, एवढाच भेद.

हा नियम आम्ही दुसऱ्यांच्या गांवासाठींच सांगत आहों असें मात्र नव्हे. कार्निव्हलनंतर कांहीं दिवसांनीं आमच्या बारा वाड्यांच्या भैरीची पालखी निघेल. मुंबईचे चाकरमानी येतील, आणि त्यांच्या मागोमाग, शिमगा पाहावयास म्हणून, ज्यांचें येथें घर नाहीं व ओळख नाहीं असे लोकही दर वर्षीं अधिकाधिक येतील. पालखी नाचविण्याच्या स्पर्धा होऊं लागल्या आहेत, त्यांचीं चलच्चित्रें घरोघर मोबाइलवर पोंचतात. फोंताइन्यासच्या रहिवाशांवर आज जो प्रसंग आहे तो आमच्या आळ्यांवर उद्यां येणार आहे. त्या वेळीं दारांवर पाट्या लावावयाच्या, कीं आलेल्यास अंगणांत बसवून, पालखी कोणाची, गाऱ्हाणें कशासाठीं घालावयाचें, ओटी कोणीं भरावयाची हें सांगून त्यास पाहुणा करून घ्यावयाचें, हें आम्हांस ठरवावें लागेल. आमचा कल दुसऱ्या गोष्टीकडे आहे. परंतु त्यासाठीं आमच्या आळींतील प्रत्येक घरास तें सांगतां आलें पाहिजे, आणि आज तें किती घरांस सांगतां येईल ह्याची चौकशी येत्या होळीपूर्वींच आरंभिलेली बरी.